कॉट बेसिसच्या खोलीतून प्रिंट आणि स्पायरलचा धंदा

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागात स्पर्धा परीक्षांची मुलं कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत फक्त एका कॉटचं भाडं भरून, राहतात. नोट्स मोबाइलवर पीडीएफमध्ये येतात, पण रेघा मारून वाचायला कागदच लागतो. हे गिऱ्हाईक तुमच्याच मजल्यावर आणि अभ्यासिकेत आहे. तरीही पहिला महिना मशीन घेऊ नका. ऑर्डर गोळा करा, घाऊक भावाने छापणाऱ्या झेरॉक्सवाल्याकडून काम करून घ्या आणि रोज किती पानं निघतात ते वहीत लिहा. मशीन घ्यायची की नाही, हे त्या आकड्यावरून ठरवा.

त्याआधी खोलीमालकाची लेखी परवानगी हवी. विजेपोटी महिन्याला ठरावीक रक्कम स्वतःहून देऊ केली, तर बोलणं सोपं जातं. कॉलेजच्या वसतिगृहात बहुधा धंद्याला मनाई असते. तिथे ऑर्डर घेण्यावरच थांबा, प्रवेश धोक्यात घालू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्या साइट टाळा. शॉप अॅक्टसाठी, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्यासाठी, एकट्याच्या धंद्याला धंदा सुरू केल्याची ऑनलाइन सूचना देणं पुरतं.

प्रिंटर शाईच्या टाकीचाच घ्या. तो छापताना वीस-पंचवीस वॅटच्या आसपास वीज घेतो. लेझरचा हीटर तापताना कित्येकशे वॅट ओढतो. त्याच वेळी कुणी इस्त्री लावली, तर जुन्या वायरिंगच्या खोलीत फ्यूज उडतो. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारं मॉडेल पाहा, आणि काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, आहे का ते विचारा. डाय शाईवर, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईवर, हायलायटर फिरवला की अक्षरं पसरतात, आणि इथलं प्रत्येक गिऱ्हाईक हायलायटर फिरवणारच.

आता हिशेब. 75 जीएसएमची (चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाच्या कागदाची) 500 कागदांची रीम 270 रुपयांना पडली असं धरा, म्हणजे कागद 54 पैसे. दोन बाजूंची शाई 30 पैसे, वाया जाणाऱ्या कागदांचे 6 पैसे; एकूण 90 पैसे. पाठपोट कागदाचे 2 रुपये घेतले, तर 1 रुपया 10 पैसे उरतात. प्रिंटर आणि स्पायरल मशीन मिळून 20,000 रुपये लागले, तर ते वसूल व्हायला सुमारे 18,200 कागद, म्हणजे साडेछत्तीस रीम छापाव्या लागतील. पहिल्या महिन्याच्या वहीत तीन रीमही दिसत नसतील, तर पैसे सुटायला वर्षापेक्षा जास्त लागेल. मग थांबलेलं बरं.

फाइल फक्त पीडीएफ घ्या. जुन्या मराठी फॉन्टमधली वर्ड फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांचा कचरा होतो. बांधणीच्या बाजूला 12 ते 15 मिलिमीटर समास सोडा, नाहीतर भोकं थेट मजकुरात पडतात. गडद पार्श्वभूमीची पानं शाई पितात, त्यांचा दर आधीच वेगळा सांगा. पूर्ण छापील पुस्तकाची प्रत काढून विकू नका. तो कॉपीराइटचा भंग आहे. हॉल तिकीट, आधार अशा फाइली छापून झाल्या की लगेच पुसून टाका.

स्पायरलला एका वेळी दहा-बाराच कागद पंच करा. जास्त घातले की भोकं तिरकी पडतात आणि कॉइल मध्येच अडते. 100 कागदांची जाडी साधारण 10 मिलिमीटर होते. त्याला 14 मिलिमीटरची कॉइल लागते, 50 कागदांना 8 मिलिमीटरची पुरते. कॉइल घट्ट बसली तर पानं उलटताना फाटतात. दोन्ही टोकं पकडीने आत वळवा, नाहीतर आठवड्यात ती सुटते. पंचचा दणका खालच्या मजल्यापर्यंत जातो. मशीनखाली जाड सतरंजी घाला, रात्री दहानंतर पंच करू नका. या धंद्यात रूममेटची झोप मोडली, की परवानगी गेलीच समजा.

पावसाळ्यात कागद दमट होऊन दोन-दोन आत ओढले जातात. फोडलेली रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये घाला. मोठी फाइल 25-25 कागदांच्या टप्प्यांत छापा, म्हणजे कागद अडकला तरी पुढचा सगळा क्रम बिघडत नाही.

प्रिंटर बंद करताना आधी त्याचंच बटण दाबा, मग भिंतीवरचं. थेट वीज तोडली तर हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, झाकणाखाली जात नाही आणि शाई वाळते. दिवाळीला पंधरा दिवस गावी जाणार असाल, तर आठवड्यातून एक पान छापायचं काम रूममेटला सांगून जा. वाळलेलं हेड साफ करताना पुष्कळ शाई वाया जाते, आणि ती शोषणारा आतला पॅडही लवकर भरतो.