अनुदानाच्या कामात नव्याने येताना: यंत्राचे पैसे मिळतात, माणसाचे मागावे लागतात

नागपुरातून समाजकार्याची किंवा ग्रामीण विकासाची पदवी घेऊन एखाद्या सामाजिक संस्थेत प्रस्ताव लिहिण्याचे, देणगीदारांशी पत्रव्यवहार सांभाळण्याचे आणि अहवाल देण्याचे काम जे स्वीकारणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, बारा-अ, ऐंशी-जी, दर्पणवरील क्रमांक, सीएसआर-१ हा अर्ज, ही संस्थेच्या नोंदणीची, करसवलतीची आणि निधीची प्राथमिक कागदपत्रे तुम्हाला ठाऊक आहेत असे मी धरून चालते. माझे क्षेत्र तसे अरुंद आहे. गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील गावांत एखादे तंत्रज्ञान पोहोचवून लोकांच्या मिळकतीत भर घालणारे प्रकल्प, म्हणजे सौर ऊर्जेवर चालणारी कोशातून धागा काढण्याची यंत्रे, मोहफुले वाळवण्याची साधने, बचत गटांच्या हिशेबासाठी टॅबलेट. या कामाला पैसा मिळतो, कारण यंत्र मोजता येते, त्यावर देणगीदाराचे नाव लिहिता येते आणि त्याचे छायाचित्र अहवालात लावता येते. अडचण तिथूनच सुरू होते.

पैसा येतो कुठून, हे थोडक्यात सांगते. सर्वांत मोठा आधार सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. परदेशी बाजूला, आशियातील समुदायांसाठीच असलेली काही अनुदाने आहेत. एपनिक फाउंडेशनचे आयसिफ एशिया हे अनुदान आशिया-प्रशांत भागात इंटरनेटची पोहोच आणि उपयोग वाढवणाऱ्या कामांना मिळते. जपान सरकारची तळागाळातील प्रकल्पांसाठीची योजना साधारणपणे एक कोटी येनपर्यंतचे अनुदान देते आणि महाराष्ट्रातील संस्थांचा संबंध त्यासाठी मुंबईतील जपानी वाणिज्य दूतावासाशी येतो. ही योजना इमारत व साधने यांना पैसे देते, पगार आणि दैनंदिन खर्च यांना देत नाही, हे अर्ज करण्यापूर्वीच लक्षात घ्या.

परदेशी पैशाविषयी एक गोष्ट तर नोकरी स्वीकारण्यापूर्वीच तपासा. २९ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातील दुरुस्तीनंतर परदेशी देणगी मिळालेली संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, त्या दुसऱ्या संस्थेकडे स्वतःची नोंदणी असली तरीही. त्याआधी मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्था अनुदान घेत आणि त्यातील वाटा कुरखेडा, धानोरा, सालेकसा अशा ठिकाणच्या लहान संस्थांपर्यंत पोहोचवत. तो रस्ता बंद झाला आणि त्याचा फटका ज्यांच्याकडे इंग्रजीत अर्ज भरणारे कोणी नव्हते त्यांनाच अधिक बसला, हे मला आजही अन्यायाचे वाटते. आता संस्थेकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी हवी. त्यासाठी तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मुख्य उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो, नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते, आणि पैसा प्रथम दिल्लीतील संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावा लागतो. तेव्हा मुलाखतीला गेल्यावर संस्थेची नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे संकोच न करता विचारा. अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या काकांची देणगी परदेशी ठरते की नाही, हा प्रश्नही तुमच्याकडे येईल. काकांचे नागरिकत्व भारतीय असेल आणि त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत रक्कम दिली असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर जवळ ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असूनही ठरते.

आता ज्या सापळ्याविषयी मला विस्ताराने लिहायचे आहे, त्याकडे येते. माझ्या पहिल्या नोकरीत, संस्थेच्या जुन्या नमुन्यानुसार, प्रत्येक अंदाजपत्रकात ‘कर्मचारी व प्रशासन’ अशी एकच ओळ असे. कोशाचा धागा काढण्याच्या यंत्रांचा प्रस्ताव त्याच नमुन्यात गेला. देणगीदाराच्या प्रतिनिधीने ती ओळ पाहिली, प्रशासनावरील खर्च फार होतो असे म्हटले आणि ती जवळपास पुसूनच टाकली. यंत्रे आली, उद्घाटन झाले. गावात राहून यंत्र शिकवणारी, पट्टा तुटला तर बदलणारी, बॅटरीवर लक्ष ठेवणारी जी ताई होती, तिचे मानधन त्या पुसलेल्या ओळीत होते. ती काही महिन्यांत दुसरीकडे कामाला लागली. आरमोरीच्या बाजूला कोसा रेशीम हा ढीवर कुटुंबांचा जुना व्यवसाय आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या कोशांचा धागा बाया मांडीवर वळून काढतात आणि त्यात मांडीची कातडी सोलवटून निघते. यंत्रे बंद पडल्यावर त्या पुन्हा मांडीवर धागा वळू लागल्या. अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रात मात्र प्रत्येक रुपयाचा हिशेब बरोबर होता.

हे का घडते ते नीट समजून घ्या, कारण पुढची अनेक वर्षे तुम्हाला याच ओळीवर झगडावे लागणार आहे. एफसीआरए कायद्यानुसार त्या आर्थिक वर्षात मिळालेल्या परदेशी देणगीपैकी प्रशासकीय खर्चासाठी जास्तीत जास्त २० टक्के वापरता येतात. २०२०च्या आधी ही मर्यादा ५० टक्के होती. प्रशासकीय म्हणजे काय, हे २०११च्या नियमांतील पाचव्या नियमात दिलेले आहे आणि तो नियम प्रत्येक नवागताने स्वतः, कोणाच्या सारांशावर न विसंबता, वाचावा असा माझा आग्रह आहे. त्यात कार्यकारी मंडळाचे मानधन आहे, व्यवस्थापनासाठी नेमलेल्या माणसांचे पगार आहेत, कार्यालयाचे भाडे, वीज, टेलिफोन, टपाल आणि छपाई आहे, हिशेब ठेवण्याचा खर्च, वकील आणि सीए यांचे शुल्क आहे, अहवाल लिहून सादर करण्याचा खर्च आहे आणि वाहन चालवण्याचा व देखभालीचा खर्चही आहे. म्हणजे धानोऱ्याच्या आतल्या गावांत जाणाऱ्या मोटारसायकलचे पेट्रोल तुम्ही कितीही मनापासून कार्यक्रमाचा खर्च मानत असलात, तरी ते वाहनखर्च म्हणून लिहिले की प्रशासनात मोजले जाण्याची शक्यता आहे. याच नियमात पुढे सवलतही दिली आहे. संस्थेच्या उद्दिष्टांच्या पूर्ततेसाठी थेट होणारा खर्च, उदाहरणार्थ रुग्णालयातील डॉक्टरांचे किंवा शाळेतील शिक्षकांचे पगार, प्रशासकीय धरला जात नाही, आणि मुख्यतः प्रशिक्षण किंवा संशोधन करणाऱ्या संस्थेत शिकवणाऱ्या व क्षेत्रातील माहिती गोळा करणाऱ्या माणसांचे मानधनही त्यातून वगळलेले आहे. यंत्र शिकवणारी ताई या वगळलेल्या भागात बसू शकते. मात्र ती काय करते हे अंदाजपत्रकात स्पष्ट शब्दांत लिहिले तरच बसते.

म्हणून ‘समन्वयक, बारा महिने’ असे कधीही लिहू नका. समन्वयक या शब्दावरून वाचणाऱ्याला कार्यालयातील खुर्ची दिसते. ‘गावपातळीवरील यंत्र-प्रशिक्षक, अमुक गावांतील अमुक महिलांना धागा काढण्याचे प्रशिक्षण आणि यंत्रांची मासिक तपासणी’ असे लिहा, ते प्रकल्पाच्या कोणत्या उद्दिष्टाशी जोडलेले आहे तेही लिहा, आणि नियुक्तिपत्रात, हजेरीपत्रकात व दौऱ्याच्या नोंदीत तेच शब्द येऊ द्या. इथे कडक शब्दांत एक इशारा देते. कार्यालयातील लिपिकाला कागदावर प्रशिक्षक करून खर्च दुसऱ्या शीर्षात ढकलण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी अनुभवी माणूस देईलच. तो ऐकू नका. लेखापरीक्षणात नियुक्तिपत्र, हजेरी आणि प्रवासखर्चाच्या पावत्या एकमेकींसमोर ठेवल्या जातात, आणि जुळल्या नाहीत तर प्रश्न त्या एका पगारापुरता राहत नाही, संस्थेच्या नोंदणीपर्यंत जातो.

सीएसआरचा नियम वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत सर्वत्र होते, कंपन्यांच्या कार्यालयांतही होते. सीएसआर नियमांतील सातव्या नियमात प्रशासकीय खर्चावर जी पाच टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या मानधनावर ती लागू होत नाही. समोरचे अधिकारी ‘पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही’ असे म्हणाले, तर वाद न घालता नियमाची प्रत सोबत जोडून नम्र पत्र पाठवा. माझ्या अनुभवात बहुतेक अधिकारी असे पत्र वाचतात, आणि त्यांना स्वतःच्या वरिष्ठांना दाखवायला काहीतरी मिळाल्याचे समाधानही होते. इतके सारे नियम वाचून दडपण आले असेल, तर एवढे सांगते की हे सर्व शिकता येते, आणि एकदा समजलेला नियम पुढच्या प्रत्येक प्रस्तावात तुमच्या बाजूने उभा राहतो.

तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांचा इतिहासही वाचला पाहिजे. आपल्याच राज्यात १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरातील सत्तरएक गावांत संगणक केंद्रांचा मोठा प्रकल्प सुरू झाला. शेती, बाजारभाव, शिक्षण अशी अनेक उद्दिष्टे त्यात होती. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यतः उसाच्या नोंदी आणि बिलांच्या माहितीसाठी वापरली जात, आणि पुढे काही गावांत हेच काम साध्या मोबाइलवरील संदेशांतून कमी खर्चात होऊ शकते असे दिसून आले. बांगलादेशात १९९७ पासून ग्रामीण बँकेच्या कर्जावर मोबाइल घेऊन गावातील महिला मिनिटाच्या हिशेबाने फोन वापरायला देत. त्यातून त्यांना चांगली मिळकत होई. घरोघरी स्वस्त मोबाइल पोहोचले तशी ती मिळकत आटत गेली. दोन्ही प्रकल्पांनी लोकांचा फायदा केला, तेव्हा त्यांना फसलेले म्हणणे मला पटत नाही. पण यंत्राचे आयुष्य किती, ते संपल्यावर या बाईची मिळकत कशातून येणार, हा प्रश्न प्रस्तावात तुम्ही विचारला नाही तर तो दुसरे कोणी विचारणार नाही. मी प्रत्येक प्रस्तावात तिसऱ्या वर्षाचा वेगळा परिच्छेद लिहिते: दुरुस्तीचा खर्च कोण देणार, बचत गट किती बाजूला ठेवणार, सुटे भाग नागपुरात मिळतात की बाहेरून मागवावे लागतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीचे काय होते, हेही त्या परिच्छेदात आले पाहिजे. दिल्लीत तयार केलेल्या नमुन्यात हा प्रश्न नसतो.

नमुन्यांविषयी माझे मत कठोर आहे. तयार प्रस्तावात गावाचे नाव बदलून पाठवणे, संगणकाकडून पाच मिनिटांत मजकूर लिहून घेणे आणि मंजूर रकमेतील टक्केवारीवर काम करणाऱ्या सल्लागाराला गाठणे, या तिन्हींपासून दूर राहा. टक्केवारीवाल्यांबाबत तर मी कोणतीही सवलत देत नाही. त्यांचे शुल्क कोणत्याच मंजूर शीर्षात बसत नसल्याने ते अखेर गावाच्या वाट्यातूनच काढले जाते. मार्गदर्शक म्हणून मोठ्या नावाची व्यक्ती शोधण्यापेक्षा संस्थेच्या लेखापालाजवळ जाऊन बसा. आमच्याकडच्या लेखापाल काकूंनी मला खर्चाच्या पावतीच्या मागे लिहायला शिकवले: कोणासाठी, कोणत्या गावात, कोणत्या उद्दिष्टासाठी. परिषदांमधील भाषणांतून मी तेवढे शिकलेले नाही.

इंग्रजीच्या भीतीने कोणी मागे हटू नये. मातृसेवा संघाच्या समाजकार्य संस्थेतून किंवा तिरपुडे महाविद्यालयातून आलेली, मराठी माध्यमातून शिकलेली मुले-मुली मला नेहमी हे विचारतात. अर्ज इंग्रजीत असतो हे खरे, पण अर्जाला वजन देणारी माहिती झाडीबोलीत, गोंडीत, माडियात मिळते. धागा काढणारी बाई दिवसाला किती कोसे उकलते, व्यापारी उचल कशी देतो, पावसाळ्यात काम किती दिवस बंद असते, हे ज्याला तिच्या ओसरीवर बसून विचारता येते त्याचा प्रस्ताव वेगळाच उठून दिसतो. व्याकरण तपासून देणारे कोणीही मिळते. ओसरीवरचे ऐकून आलेले माणूस संस्थेला सहज मिळत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या पगाराचे. पाचव्या नियमातील प्रशासकीय खर्चाची वरची यादी पुन्हा वाचली तर लक्षात येईल की प्रस्ताव लिहिणे, अहवाल तयार करणे आणि निधीची व्यवस्था पाहणे ही तुमची कामे बहुधा प्रशासकीय भागातच मोजली जातील. म्हणून या पदांचे वेतन कमी असते, करार प्रकल्पाच्या मुदतीपुरते असतात आणि अनुदान उशिरा आले की पगारही उशिरा होतो. घरी आई-वडिलांना हे आधीच सांगून ठेवा, आणि शक्य असेल तर काही महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय या क्षेत्रात उडी घेऊ नका. संस्थेकडून मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि एफसी-४, म्हणजे परदेशी देणग्यांची वार्षिक विवरणपत्रे मागा, आणि कर्मचाऱ्यांचे वेतन कोणत्या शीर्षात दाखवले आहे ते पाहा. विश्वस्त बदलले असतील तर त्या बदलाचा अहवाल, म्हणजे चेंज रिपोर्ट, धर्मादाय कार्यालयात दाखल झाला आहे का, हेही विचारा. कायद्याने त्याला नव्वद दिवसांची मुदत आहे, आणि तो प्रलंबित असला की देणगीदाराच्या कागदपत्रांच्या तपासणीत तुमचा सर्वोत्तम प्रस्तावही अडकून पडतो. हे प्रश्न विचारल्यावर जी संस्था नाराज होईल, तिथे जाऊ नका. जी कपाट उघडून फायली समोर ठेवेल, तिथे पगार थोडा कमी असला तरी रुजू व्हा, आणि पहिल्याच आठवड्यात त्या गावातील प्रशिक्षक ताईचे मानधन कोणत्या ओळीत आहे ते शोधा.