विमान कुणाचं? आधी टिकली बघा

चाळीस वर्षं मी सोलापुरात चादरींची डिझाईनं ग्राफवर उतरवली. जकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून कार्डं पंच व्हायची. काम सुटलं, ग्राफ कागद सुटला नाही. आता त्यावर छोट्या छोट्या हवाई दलांच्या राउंडेल उतरवतो. राउंडेल म्हणजे विमानाच्या पंखांवर नि अंगावर असते ती देशाची निशाणी. आमच्या घरात तिला टिकली म्हणतात. प्रत्यक्ष विमानं बघायची म्हणाल तर होटगी रोडच्या विमानतळाला शेजारच्या साखर कारखान्याच्या चिमणीचा अडसर होता. ती २०२३ च्या जूनमध्ये पाडली. तोवर माझी सगळी विमानं फोटोतलीच; देश ओळखायचा आणि वहीत त्या देशाच्या पानावर फोटो चिकटवायचा.

सुरुवात ओळखीच्या विमानांपासून करा. कानपूरला बनणारं डॉर्नियर २२८ घ्या. पंख धडाच्या वर बसवलेले, त्यांची टोकं तिरकी छाटलेली, दोन पंखे, नाक निमुळतं. हेच विमान मॉरिशसकडे आहे, सेशेल्सकडेही आहे. सेशेल्सला पहिलं भारतानं २०१३ साली दिलं. मॉरिशसला हवाई दलच नाही. तिथं ही विमानं तटरक्षक दल चालवतं आणि ते पोलिसांच्या हाताखाली, म्हणून अंगावर अक्षरं ‘एमपीसीजी’. चेतक हेलिकॉप्टर शोधत गेलात तर थेट दक्षिण अमेरिकेत सुरीनामला पोचाल, २०१५ मध्ये तिकडे तीन गेली. आपलं ध्रुव हेलिकॉप्टर नेपाळच्या सैन्यात दिसेल. इक्वेडोरनंही सात घेतली होती. त्यातली चार पडली आणि २०१५ मध्ये त्यांनी करार मोडला. आपल्या मालाचं असं वाचताना वाईट वाटतं, पण वहीत लिहायचं ते खरं लिहायचं.

एवढ्यात तुमच्या लक्षात येईल की नुसतं विमान ओळखून देश सापडत नाही. छोटे देश एकाच दुकानातून माल घेतात. स्वित्झर्लंडचं पीसी-९ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान आयर्लंडकडे, स्लोव्हेनियाकडे, क्रोएशियाकडे, बल्गेरियाकडे. आपल्या हवाई दलाचं पीसी-७ मार्क-२ दिसायला त्याचा सख्खा भाऊ. म्हणून टिकली.

टिकलीत रंगावर भिस्त ठेवू नका. हल्ली विमानावरच्या खुणाही राखाडी रंगात, फिक्या काढतात, लांबून दिसू नये म्हणून. तेव्हा आकार धरा. आयर्लंडचा भोवरा आहे, हिरवा-नारिंगी. एस्टोनियाचा त्रिकोण. ऑस्ट्रियाच्या लाल गोलातही त्रिकोणच, पण पांढरा. पेरूची लाल-पांढरी-लाल वर्तुळं, आपल्यासारखीच एकात एक. भोवरा ग्राफवर उतरवणं महाकठीण; बाक आला की चौकोनांच्या पायऱ्या दिसतात. चादरीत आम्ही बाकाच्या कडेला एक चौकोन सोडून एक भरायचो, म्हणजे लांबून रेघ गोल वाटते. इथंही तेच केलं.

आता अक्षरं. दक्षिण अमेरिकेत इथंच घोटाळा होतो. ‘एफएबी’ म्हणजे ब्राझीलचं हवाई दल आणि ‘एफएबी’ म्हणजेच बोलिव्हियाचंही. दोघांनीही हर्क्युलस हे मालवाहू विमान उडवलेलं. अशा वेळी टिकलीवर या: ब्राझीलची चांदणी, बोलिव्हियाची लाल-पिवळी-हिरवी वर्तुळं. कुणी फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला असेल तर अक्षरं उलटी दिसतील. अक्षरंच कापली गेली असतील तर दार बघा. डॉर्नियरचं मागचं मोठं दार डाव्या अंगाला असतं; उजवीकडे दिसलं तर फोटो उलटा.

आणि टिकलीही फसवते, हे मला दोन वर्षांनी कळलं. पाठीवर रडारचं भलंमोठं ताट घेतलेलं चार इंजिनांचं ई-३ विमान, शेपटीवर लाल सिंह, नोंदणी ‘एलएक्स’नं सुरू होणारी. सिंह लक्झेंबर्गचा, अक्षरं लक्झेंबर्गची. मी ऐटीत लक्झेंबर्गच्या पानावर चिकटवलं. नात म्हणाली, ‘‘आजोबा, नकाशात बोटाखाली झाकला जातो तो देश, त्याच्याकडे ही एवढाली विमानं?’’ पोरीचं बरोबर होतं. ती विमानं नाटो या अनेक देशांच्या लष्करी संघटनेची, तळ जर्मनीत गायलेनकिर्खेनला. नाटो हा काही देश नव्हे, त्यामुळे नोंदणी एका सदस्य देशात करावी लागली आणि ती लक्झेंबर्गमध्ये झाली. लक्झेंबर्गच्या सैन्याचं स्वतःचं मालवाहू विमान एकच, ए-४००एम, क्रमांक ‘सीटी-०१’, २०२० साली आलेलं. तेही राहतं बेल्जियममध्ये.

तेव्हापासून विमान, टिकली आणि अक्षरं या तिन्हींतल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या तरी मी देशाचं नाव पेन्सिलीनंच लिहितो. तिसरी जुळली की शाई. ते ई-३ पान फाडून काढता आलं नाही, डिंक चांगला होता. लाल शाईनं काट मारून बाजूला ‘नाटो’ लिहिलंय.