मराठी माध्यमवाल्यांनो, स्पॅनिशला बसण्याआधी

दर जून-जुलैत कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. भाचा बारावी करून आलाय, भाची एफवाय अर्धवट सोडून आलीय, आता पुढे काय? कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात असाल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: घराजवळचं कम्युनिटी कॉलेज धरा आणि दोन-तीन वर्षांनी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्या. यावर पलीकडे थोडी शांतता पसरते. एका काकांनी तर विचारलं होतं, "म्हणजे आपलं आयटीआय का?" नाही काका. मी तिथूनच बर्कली युनिव्हर्सिटीला गेले.

आत्याने बाबांसाठी अर्ज भरला तेव्हा मी बालवाडीत होते. ग्रीन कार्ड हातात पडलं ते २०११ मध्ये, माझी सांगलीतली बारावी संपता संपता. आल्या आल्या कॉलेजात नाव घालायला निघाले, तर कळलं की फीच्या दृष्टीने मी अजून कॅलिफोर्नियाची नाहीच. टर्म सुरू होण्याआधी इथे एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि ते कागदावर दिसावं लागतं. म्हणून पहिल्याच महिन्यात बँकेत खातं काढा, लायसन्स काढा, टॅक्स भरा. रहिवाशांना एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात. २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. स्पॅनिशचा कोर्स पाच युनिटांचा असेल तर २३० डॉलर झाले. बाहेरच्यांना हेच कित्येक पट महाग पडतं. घरचं उत्पन्न कमी असेल तर रहिवाशांना हे ४६ डॉलरही माफ होतात. त्या योजनेचं नाव कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट. अर्ज करायला लाजू नका. मधल्या वर्षात अॅडल्ट स्कूलमध्ये इंग्रजीचे वर्ग फुकट असतात, ते करा. (दे आन्झा आणि फूटहिल ही कॉलेजं सेमिस्टरऐवजी क्वार्टरवर चालतात, तिथले युनिट आणि दर वेगळे. दोन कॉलेजांची तुलना करताना इथे हमखास घोळ होतो.)

आता स्पॅनिश. युसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, काही कॉलेजांना पदवीसाठी परकी भाषा लागते. बर्कलीचं लेटर्स अँड सायन्स त्यातलंच. माझ्या वेळी ट्रान्सफरवाल्यांसाठी जो विषयांचा साचा होता, आयगेट्सी, त्यात युसीला जाणाऱ्यांसाठी भाषेचा एक वेगळा रकाना होता. तो भरायचा म्हणून मी स्पॅनिश घेतलं. एक सेमिस्टर झाली, दुसरी झाली. मग शेवटच्या वर्षी एका काउन्सेलरने माझी जुनी गुणपत्रिका बघितली आणि म्हणाली, "तुझी शाळा कुठल्या भाषेत होती?" मराठीत, दहावीपर्यंत. मग तुला हे लागतच नव्हतं, म्हणाली. सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजी सोडून दुसऱ्या माध्यमात शिकून नीट पास झालं की तो रकाना भरतो. आधीच्या दोन काउन्सेलरांनी हे विचारलंच नव्हतं. आणि मीही सांगितलं नव्हतं, कारण मराठी माध्यम इथे कुठे उपयोगी पडेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तेव्हा पहिल्या भेटीतच माध्यम सांगा. इंग्रजी माध्यमात मराठी नुसता विषय म्हणून घेतलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी स्वतंत्र विचारायचं. शिवाय २०२५ च्या फॉलपासून नवा साचा आलाय, कॅल-गेट्सी. त्यात भाषेचा रकाना नाही, पण म्हणून युनिव्हर्सिटीच्या कॉलेजाची स्वतःची अट सुटत नाही. तुमचा कोर्स तिकडे कशाच्या बदल्यात धरला जातो ते असिस्ट डॉट ऑर्गवर बघा. मावसभावाने काय केलं त्यावर जाऊ नका.

सूट मिळत असली तरी मी म्हणेन, वेळ असेल तर स्पॅनिश घ्या. आपल्याला ते निम्मं आधीच येतं. आमच्या वर्गात 'मे गुस्ता एल काफे' आलं आणि अमेरिकन पोरं गोंधळली. त्यांना 'मी' कर्ता हवा होता. मी वहीत शेजारी लिहिलं: मला कॉफी आवडते. आंबे असतील तर 'गुस्तान', म्हणजे आवडतात. क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, माझ्या नाही. घर बघायचं तर 'वेओ ला कासा', पण मारीयाला बघायचं तर 'वेओ आ मारीया'. तो मधला 'आ' म्हणजे आपला 'ला'. तू म्हणजे तूच, उच्चारासकट. आणि ज्याला सगळे भितात ते सब्जंक्टिव्ह? 'कीएरो के बेंगास', म्हणजे तू यावंस असं मला वाटतं. हे 'यावंस' आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो.

त आणि द आपले आयते आहेत, इंग्रजीवाल्यांचा ट निघता निघत नाही. मुळाक्षरांच्या तक्त्यात उगाच पडून राहिलेला ञ इथे कामाला येतो. पहिल्या तोंडी परीक्षेत मी वय सांगताना 'आनोस' म्हणाले. बाई आधी हसल्या, मग फळ्यावर एन काढून त्याच्या डोक्यावर वेलांटी दिली. वर्षं म्हणजे 'आञोस'. वेलांटीशिवाय काय अर्थ होतो तो शब्दकोशात बघा, इथे लिहीत नाही. अडतं ते 'सेर' आणि 'एस्तार' मध्ये. आपल्याकडे मराठी असणं आणि दमलेलं असणं, दोन्ही एका 'आहे'वर भागतं.

सराव मात्र वर्गात होत नाही. मी संध्याकाळी एका देशी रेस्टॉरंटात काउंटरवर होते. तंदूरवर लुधियान्याचा माणूस, कांदे चिरायला आणि भांड्यांना मेक्सिकोतल्या मिचोआकानचे दोघे. त्यातल्या वयस्कर माणसाच्या नावाआधी सगळे 'दोन' लावायचे. आपल्या 'राव'सारखं, फक्त पुढे. मला आधी वाटलं, नंबर आहे की काय. त्यांच्याशी 'उस्तेद', पोराशी 'तू'. गरम पातेलं घेऊन मागून जाताना ते 'कालिएंते!' ओरडायचे. तो शब्द मी पुस्तकातून पाठ केलाच नाही. साखर म्हणजे 'आसूकार' हेही तिथेच कळलं; आपल्या शर्करेचाच अरबांमार्फत गेलेला नातेवाईक.

काही किरकोळ गोष्टी. जुनं पुस्तक स्वस्तात घेऊ नका, बरोबरचा ऑनलाइन वर्कबुकचा कोड आधीच वापरलेला असतो आणि गृहपाठ सगळा त्यावरच. पहिल्या आणि दुसऱ्या स्पॅनिशमध्ये सेमिस्टर मोकळी सोडू नका. तिसरं-चौथं वर्षातून एकदाच लागू शकतं, आणि पोरं कमी पडली की रद्दही होतं. तेव्हा शेजारच्या कॉलेजात, म्हणजे हेवर्डला शाबोमध्ये वगैरे जागा आहे का बघून ठेवा. पास-नो पास न घेता ग्रेड घ्या. पहिल्या पातळीच्या वर्गात घरी स्पॅनिश बोलणारी मुलं दिसली तर घाबरू नका, त्यांचंही स्पेलिंग चुकतं.

ट्रान्सफरला ६० सेमिस्टर युनिट लागतात. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या युसीच्या सहा ठिकाणी अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी मिळते. या हमीला टॅग म्हणतात, आणि तिचा अर्ज मात्र सप्टेंबरातच. बर्कली, एलए आणि सॅन डिएगोला हमी नाही.

माध्यमाचा दाखला शाळेतून आणवायचा असेल तर गावाकडे एप्रिलच्या आधी सांगा. मे महिन्यात क्लार्क भेटत नाहीत. दाखल्यावर 'माध्यम: मराठी' असं स्पष्ट लिहून घ्या आणि सोबत सहावी-सातवीच्या गुणपत्रिका मागा. माझ्या शाळेने पहिल्यांदा चालचलन उत्तम असल्याचाच दाखला पाठवला होता.