‘नेमस्पेस सापडत नाही’ म्हणतोय? या चुका टाळा

“घरी त चाललं होतं जी सर, अथी काऊन नाही चालून राह्यलं?”

दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यांतून एसटीने येणारी पोरं पेनड्राइव्ह लावतात, सी-शार्पचा प्रोजेक्ट उघडतात आणि पडदा ‘नेमस्पेस सापडत नाही’ अशा एररने भरून जातो. नेमस्पेस म्हणजे कोडमधली नावं ज्या गटात ठेवलेली असतात, त्या गटाचं नाव. मग घाबरून ती चांगला चाललेला कोडच खोडायला घेतात. ते बघून जीव तुटतो. कोडला हात लावू नका. रात्री घरी चाललेला कोड सकाळी एसटीत बिघडत नाही.

आधी यादीतली फक्त पहिली एरर वाचा. खालच्या पुष्कळशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. एररचा क्रमांक सीएस०२४६ असेल तर ते नाव कंपायलरला, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामला, कुठेच सापडलेलं नाही. सीएस०२३४ असेल तर वरची नेमस्पेस सापडली आहे, तिच्या आतलं नाव सापडलेलं नाही. मग वॉर्निंगही उघडून बघा. एमएसबी३२४५ ही वॉर्निंग कुठली लायब्ररी (आपण वापरतो तो दुसऱ्याचा तयार कोड) जागेवर नाही ते नावानिशी सांगते, पण पिवळी खूण म्हणून पोरं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘युजिंग’ची ओळ लिहिली की लायब्ररी आली, असं समजणं. युजिंगने काहीच येत नाही. लांबलचक नाव आखूड करून हाक मारायची ती सोय आहे. माणूस गावात आलाच नसेल, तर टोपणनावाने हाक मारली काय आणि पूर्ण नावाने मारली काय, ओ कोण देणार? माणसाला गावात आणायचं काम रेफरन्स करतो, म्हणजे प्रोजेक्टच्या सीएसप्रोज फाइलमधली नोंद. उलट बाजूने रेफरन्स असेल आणि फक्त युजिंग राहिलं असेल, तर लाल रेघेवर कर्सर ठेवून कंट्रोल आणि टिंब दाबा. व्हिज्युअल स्टुडिओ, म्हणजे आपण कोड लिहितो तो प्रोग्राम, स्वतःच ओळ सुचवतो. काहीच सुचवलं नाही, तर बहुतेक वेळा रेफरन्सच नसतो. स्पेलिंग मात्र आधी तपासा, लहान-मोठ्या अक्षरांसकट.

हा फरक मला नीट कळला तो कापसाच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर. कापसाच्या गाडीचं वजन इंडिकेटरमधून सीरियल पोर्टने संगणकात घ्यायचं, असा जुना प्रोग्राम होता. तो मी डॉटनेट ८ वर, म्हणजे सी-शार्प ज्यावर चालतं त्या पायाच्या नव्या आवृत्तीवर नेला आणि पोर्टची सेटिंग तिथेच बदलून बिल्ड करायचं, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवायचं ठरवलं. सीरियलपोर्ट हा क्लास, म्हणजे पोर्टशी बोलणारा तयार कोड, जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये आयता मिळायचा. नव्या डॉटनेटमध्ये तो सिस्टिम डॉट आयओ डॉट पोर्ट्स या वेगळ्या न्यूगेट पॅकेजात, म्हणजे नेटवरून उतरवायच्या लायब्ररीच्या गठ्ठ्यात आहे. युजिंगची ओळ जशीच्या तशी होती, तरी क्लास सापडेना. पॅकेज उतरवायला मोबाईलला रेंज नाही, बाहेर गाड्यांची रांग. त्या दिवशी काटापावत्या हाताने लिहाव्या लागल्या, आणि कापूस घेऊन पहाटे निघालेले शेतकरी दुपार टळेपर्यंत ताटकळले. एसक्यूएल सर्व्हरला जोडणारा जुना सिस्टिम डॉट डेटा डॉट एसक्यूएलक्लायंट असाच वेगळा झाला आहे. जुना प्रोग्राम नव्या डॉटनेटवर नेताना या दोन नावांकडे आधी बघा.

दुसरी मोठी चूक पेनड्राइव्हची. बिल्ड करताना आपोआप बनणारे बिन आणि ओबीजे हे फोल्डर सोबत नेऊ नका. ओबीजेमधल्या फायलींत तुमच्या घरच्या संगणकावरच्या पॅकेजांचे पूर्ण पत्ते असतात, आणि दुसऱ्या संगणकावर तुमच्या नावाचं फोल्डर नसतं. दोन्ही खोडा आणि डॉटनेट रिस्टोअर ही आज्ञा चालवा, ती लागणारी पॅकेजं पुन्हा जागेवर आणते. डीएलएल, म्हणजे लायब्ररीची फाइल, हाताने जोडली असेल, तर सीएसप्रोजमध्ये हिंटपाथ, म्हणजे त्या फाइलचा पत्ता बघा. तिथे डी ड्राइव्हचा पत्ता दिसला, तर ती डीएलएल प्रोजेक्टमध्येच ‘लिब’ नावाच्या फोल्डरात ठेवा आणि पत्ता तिथून द्या.

आता आपल्याकडचं खरं दुखणं, नेट. लाइन गेली की टॉवरही जातो आणि रिस्टोअर एनयू१३०१ ही एरर देऊन थांबतं. एकदा उतरवलेलं पॅकेज युजर फोल्डरमधल्या डॉट-न्यूगेट फोल्डरात साठलेलं असतं. हवी ती नेमकी आवृत्ती तिथे असेल, तर नेट लागत नाही. म्हणून प्रोजेक्टमध्ये आवृत्ती पक्की लिहा. परक्या संगणकासाठी रेंज असताना लागणाऱ्या पॅकेजांच्या एनयूपीकेजी फायली एका फोल्डरात जमा करा आणि व्हिज्युअल स्टुडिओत ते फोल्डर पॅकेज सोर्स म्हणून जोडा. एका पॅकेजला आणखी पॅकेजं लागतात, तीही घ्या. पोर्ट्सच्या पॅकेजाला लागतातच.

घाईत कुठल्याशा साइटवरून सुटी डीएलएल उतरवू नका. तिच्यात काय भरलंय ते कळत नाही, आणि काट्याच्या संगणकावर शेतकऱ्यांच्या पैशाचा हिशेब असतो.

लायब्ररी जागेवर आहे, तरी सापडत नाही? मग टार्गेट फ्रेमवर्क, म्हणजे प्रोजेक्ट कुठल्या डॉटनेटसाठी आहे ते बघा. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ साठी बांधलेली लायब्ररी ४.५ च्या प्रोजेक्टला चालत नाही, आणि एमएसबी३२७४ ही वॉर्निंग ते स्पष्ट सांगते. डॉटनेट ६ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये काही युजिंग आपोआप धरलेली असतात. तो कोड जुन्या प्रोजेक्टात चिकटवला की साधी लिस्टही सापडत नाही, तेव्हा वरच्या ओळी हाताने लिहा.

काट्यावर निघण्याच्या आदल्या रात्री मी आता एक करतो. प्रोजेक्ट दुसऱ्या लॅपटॉपवर टाकतो, बिन-ओबीजे खोडतो, वायफाय बंद करतो, पॅकेजांच्या फोल्डरवरून रिस्टोअर करतो आणि बिल्ड देतो. जे राहिलं असेल ते तिथेच सापडतं, आणि आणायला अजून रात्र हातात असते.