ट्रिम बदलताय? मग पूर्ण बदला

अमेरिकेत एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सोलो स्पर्धांत, म्हणजे मोकळ्या पार्किंगमध्ये रस्त्यावरचे प्लास्टिकचे शंकू मांडून घड्याळाशी होणाऱ्या ऑटोक्रॉस शर्यतीत, स्ट्रीट गटाची गाडी कंपनीने बनवली तशीच लागते. थोड्याच बदलांना मुभा असते. तरीही साध्या ट्रिमची (एकाच मॉडेलच्या कमी-जास्त सुविधांच्या आवृत्तीला ट्रिम म्हणतात) गाडी घेऊन तिची वरची ट्रिम करता येते. अटी दोनच, पण कडक: दोन्ही ट्रिम एकाच मॉडेलच्या आणि एकाच मॉडेल वर्षाच्या हव्यात, आणि बदल शंभर टक्के हवा.

१९९४ ची माझदा मियाता घ्या. तिच्या 'आर' पॅकेजमध्ये बिल्स्टीन कंपनीचे शॉक अॅब्सॉर्बर, कडक स्प्रिंगा आणि टॉरसेन डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी) होतं. हे सगळं बसवलंत, पण पॉवर स्टीअरिंग तसंच ठेवलंत, तर गाडी 'आर' होत नाही, कारण 'आर'ला पॉवर स्टीअरिंग नव्हतंच. पुढचा एअर डॅम (बंपरखालची हवा अडवणारी पट्टी) आणि मागचा स्पॉयलरही त्याच पॅकेजचे, तेही लावावे लागतात. आवडेल तेवढं उचलायचं, नको ते सोडायचं, हे इथे चालत नाही. लोक फसतात ते इथेच. डिफरेन्शियल आठवणीने टाकतात, जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) मात्र विसरतात.

म्हणून पार्ट विकत घेण्याआधी त्या वर्षाचा पार्ट कॅटलॉग मिळवा, दोन्ही ट्रिमचे पार्ट नंबर शेजारी मांडून फरकाची यादी करा. छापील प्रत गाडीतच ठेवा. गाडी नियमात बसत नाही अशी दुसऱ्या स्पर्धकाची तक्रार, म्हणजे प्रोटेस्ट, आला तर कागद दाखवता आला पाहिजे.

रोड रेसिंगमधल्या, म्हणजे ट्रॅकवर गाड्या एकत्र धावणाऱ्या शर्यतींतल्या, इम्प्रूव्हड टूरिंग गटाचा नियम मात्र निराळा आहे, त्यामुळे सोलोचं गणित तिकडे लावू नका.