वर्गात गट पाडलेत का, हे पालकांनी कसं शोधायचं

माझा मुलगा तिसरीत होता. रात्री दप्तर भरता भरता सहज म्हणाला, "आई, शाब्दिक उदाहरणं त्रिकोणवाल्यांना असतात. आम्ही चौकोन." चौकोन म्हणजे काय रे, असं विचारलं, तर म्हणाला, "ज्यांना हळू येतं ते." स्वतःची उंची सांगावी तितक्या सहज. तोवर मी दोन पालकसभांना जाऊन आले होते, प्रगतिपुस्तकावर सही केली होती. गणितासाठी गट पाडलेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

यात बहुतेक वेळा लपवाछपवी नसते. शिक्षकांसाठी ते रोजचंच काम असतं, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नाही. म्हणून विचारावं आपणच लागतं, आणि नेमकं विचारावं लागतं. "तुम्ही हुशार मुलं वेगळी बसवता का?" या प्रश्नाला "नाही हो" असंच उत्तर येणार, आणि ते देणारा खोटं बोलत नसतो. कारण गट पाडण्याच्या तऱ्हा बऱ्याच आहेत. कुठे गुणांवरून अख्ख्या तुकड्याच वेगळ्या असतात आणि मूल सगळे विषय त्याच तुकडीत शिकतं. कुठे वर्ग एकच, पण गणिताच्या किंवा भाषेच्या तासाला मुलं वेगवेगळ्या खोल्यांत जातात. आणि आमच्यासारखं, एकाच वर्गात वेगवेगळी टेबलं. ही शेवटची तऱ्हा सगळ्यात जास्त चालते आणि बाहेरून सगळ्यात कमी दिसते. टेबलांना फळांची, पक्ष्यांची, रंगांची नावं देतात, पण कुठलं टेबल वरचं हे मुलांना आठवडाभरात कळलेलं असतं.

म्हणून सुरुवात मुलापासून करा, पण "तू कुठल्या गटात आहेस?" असं विचारू नका. त्या प्रश्नातच त्याला आपली काळजी ऐकू येते, मग ते लपवायला लागतं. मी विचारते ते साधं असतं. गणिताच्या तासाला तुझ्या शेजारी कोण बसतं? मागच्या महिन्यात कोण होतं? बाई तुमच्या टेबलापाशी किती वेळ थांबतात? काम संपलं की पुढे काय देतात? शेजारी सहा महिने तेच असतील, तर गट गोठलेत असं समजा. आणि "काम संपलं की चित्र रंगवतो" असं उत्तर आलं, तर तिथे थांबून आणखी विचारा.

मग वही. मला जे कळलं, ते खरं तर वहीतूनच कळलं. त्याच वर्गातल्या एका मुलीच्या आईशी माझी चांगली ओळख होती. तिला मी कारण मोकळेपणाने सांगितलं आणि तासाभरासाठी तिच्या मुलीची वही मागून घेतली. दोन्ही वह्या एकाच तारखेच्या पानावर उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्या मुलाच्या पानावर चोवीस भागाकार होते: ४८ भागिले ४, ६३ भागिले ३, ८४ भागिले २. सगळे बरोबर, प्रत्येकावर लाल खूण. तिच्या पानावर सहाच उदाहरणं. एक होतं, "सहलीला ५० मुलं आहेत. एका गाडीत ८ मुलं बसतात. किती गाड्या लागतील?" मी मागची पानं उलटत गेले. सहा आठवड्यांत माझ्या मुलाच्या वहीत बाकी उरणारा एकही भागाकार नव्हता. तो काही चुकत नव्हता. पुढचं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ते गाड्यांचं उदाहरण घातलं. त्याने कागदावर चौकटी काढल्या, प्रत्येकीत आठ ठिपके दिले, सहा चौकटी भरल्यावर दोन ठिपके उरले. थोडा वेळ पेन्सिल चावली आणि म्हणाला, "सात. दोघांना मागे कसं ठेवायचं?"

शाळेत जाण्याआधी एवढी तयारी हवीच. चौकोन गटात का घातलं, अशी तक्रार घेऊन गेलं तर बोलणं मुलाच्या हुशारीवर येतं आणि तिथेच अडकतं. वही घेऊन गेलं तर बोलणं अभ्यासावर होतं. शाळा सुटताना दारात गाठून विचारू नका, वेळ मागून घ्या, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दुसऱ्या मुलांचे गट विचारू नका, ते सांगणं शिक्षकांना शक्य नसतं आणि योग्यही नाही.

पहिला प्रश्न हा: गट कशावरून ठरवले, आणि कधी? आमच्या बाईंनी नोंदवही काढून दाखवली. वर्ष सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात वीस गुणांची एक चाचणी झाली होती. तारीख बघून मला आठवलं, तीन दिवसांच्या तापातून उठून तो त्याच दिवशी शाळेत गेला होता. चाचणी एकच असेल, तर तिच्यात त्या दिवसाचंही बरंच काही उतरतं. वयही उतरतं: वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांत आणि सगळ्यात मोठ्या मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं, आणि पहिली-दुसरीत लहान मुलं खालच्या गटात जास्त सापडतात. तेव्हा मुलाचा जन्ममहिना बोलता बोलता जरूर काढा. चाचणी कुणाला डोळ्यासमोर ठेवून बेतली, यावर तर अमेरिकेत कोर्टाचा निकाल आहे. वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांतली तुकड्यांची पद्धत न्यायाधीश स्केली राइट यांनी १९६७ मध्ये बेकायदा ठरवली. तिथल्या चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या होत्या, गरीब कृष्णवर्णीय मुलं त्यात मागे पडत, आणि एकदा खाली गेलेलं मूल क्वचितच वर येई.

दुसरा प्रश्न: पुन्हा कधी तपासता? "गरज वाटली तर" हे उत्तर घेऊन उठू नका. तारीख मागा. आणि गेल्या वर्षभरात किती मुलांचा गट बदलला हेही विचारा. नावं नकोत, आकडा हवा. आकडा शून्य असेल, तर गट लवचीक आहेत या म्हणण्याला आधार उरत नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: या गटाला कोणता भाग शिकवला जात नाही? मोठ्या वर्गांत तर हा विचाराच. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जी परीक्षा होते, तिच्यात गणिताच्या पेपरचे दोन स्तर आहेत. खालच्या स्तराला बसलेल्या मुलाला ९ पैकी जास्तीत जास्त ५ ही श्रेणी मिळू शकते, पेपर कितीही चांगला गेला तरी. आपलं मूल अशा एखाद्या छताखाली शिकतंय का, हे दोन-तीन वर्षं आधी कळायला हवं.

गट म्हणजे वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. केनियात २००५ पासून १२१ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. पहिलीला जादा शिक्षक देऊन दोन वर्ग केले. ६० शाळांत सुरुवातीच्या गुणांवरून मुलं विभागली, बाकीच्या शाळांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. अठरा महिन्यांनी गुणांवरून विभागलेल्या शाळांतली मुलं पुढे होती, आणि त्यात खालच्या वर्गातली मुलंही होती, कारण शिक्षकांना मुलं जिथे आहेत तिथून शिकवता आलं. 'प्रथम' संस्थेच्या पद्धतीतही इयत्ता बाजूला ठेवून गट करतात: अक्षर ओळखणारी मुलं, शब्द वाचणारी, परिच्छेद वाचणारी, गोष्ट वाचणारी. पण ते दिवसातल्या ठरावीक वेळापुरतं असतं, आणि वाचन सुधारलं की मूल पुढच्या गटात जातं. फरक इथे आहे. खालच्या गटाला जास्त शिकवणं मिळतंय की कमी, हे बघायचं.

आमच्याकडे हे दोन्ही एकाच वर्गात होतं. भाषेच्या तासालाही माझा मुलगा खालच्याच गटात निघाला. पण तिथे बाई रोज वीस मिनिटं त्या पाच मुलांना जवळ घेऊन मोठ्याने वाचून घेत होत्या. मी त्यांना सांगितलं, इथून त्याला हलवू नका. त्याचं वाचन खरंच अडखळत होतं आणि त्यावर खरंच काम चाललं होतं.

मूल वरच्या गटात असेल तरी विचारा. माझी थोरली वरच्या तुकडीत होती. अपूर्णांक कळले नव्हते, तरी तिने चार महिने वर्गात हात वर केला नाही, खाली पाठवतील या भीतीने. मलाही ते उशिराच कळलं.

कधीकधी उत्तर येतं, "आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे." वाद घालू नका, पण गप्पही बसू नका, धोरण लेखी असेल तर ते मागा. अख्ख्या देशांनी हे बदललं आहे. फिनलंडने १९८५ मध्ये माध्यमिक वर्गांतले स्तर काढून टाकले. सिंगापूरमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सरसकट वेगवेगळ्या शाखांत घालत. २०२४ मध्ये माध्यमिकला आलेल्या मुलांपासून ते थांबलं, आता स्तर विषयागणिक ठरतो.

भेट झाली की त्याच दिवशी चार ओळी लिहून शिक्षकांना पाठवा: काय ठरलं, पुन्हा कधी बघायचं. आभार मानून, साध्या भाषेत. आमचं ठरलं होतं, की आठवड्यातून दोन दिवस चौकोन गटालाही शाब्दिक उदाहरणं द्यायची आणि सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्यायची. बाईंच्या वर्गात चाळीस मुलं होती, विसरायला कारणं पुष्कळ होती. त्या विसरल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा बाकी उरली. त्या पानावर चार उदाहरणं होती, त्यातली दोन चुकलेली, आणि चुकलेल्यांखाली बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, "चित्र काढून बघ."