परदेशी विद्यार्थी येण्याआधीची तयारी

हॉल, माइक, चहा कुणी विसरत नाही. परदेशी मुलगा राहायला आल्याची होस्टेलची नोंद (पूर्वीचा सी-फॉर्म) २४ तासांत, १८० दिवसांपेक्षा मोठा व्हिसा असेल तर एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातली नोंदणी १४ दिवसांत. हे ऑफिसकडून लेखी घ्या.

आता खरं काम. परदेशी मुलांना इथल्या सवयी शिकवायचा जो वर्ग घेता, त्याच वर्गात आपल्या नाशिकच्या मुलांनाही बसवा. गेल्या वेळी हेच राहिलं. परदेशी मुलांना सगळं शिकवलं, आणि कॅन्टीनमध्ये आपली पोरं न विचारता त्यांच्या केसांना हात लावत होती, फोटो काढत होती. म्हणून हजेरीपत्रकात आधी स्थानिक नावं लिहा, मग परदेशी.

गट चौघांचा: दोन वेगवेगळ्या देशांचे, दोन इथले. एकटाच परदेशी असला की इथले आपसात मराठीत सुरू होतात आणि तो मोबाइल काढतो.

पहिला सराव मानेचा. आपली डुलणारी मान म्हणजे हो, की नुसतं 'ऐकतोय'? १० मिनिटं एकमेकांच्या मानेचा अर्थ ओळखायला लावा. मग शब्द. निघताना आपण 'येतो' म्हणतो, काही जण इंग्रजीतही 'आय विल कम' म्हणतात आणि समोरचा पोर्चमध्ये वाट बघत उभा राहतो. 'जेवलास का' हे आमंत्रण नव्हे. 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा नाही. हे परदेशी मुलांना सांगाच, पण 'बघू' म्हणणाऱ्यालाही सांगा, की स्पष्ट नाही म्हण, राग येणार नाही. तो वर्गात नसेल तर कुणाला सांगणार?

वेळ अंकात लिहा, 'सकाळी' शब्दासह. इथिओपियात आणि स्वाहिली बोलणाऱ्यांत तास सकाळी सहापासून मोजतात. आपले ९ म्हणजे त्यांचे ३. इथिओपियन मुलाचं दुसरं नाव वडिलांचं असतं, आडनाव नव्हे. त्या नावाने हाक मारलीत तर तुम्ही बापाला बोलावताय. नाव कसं उच्चारायचं ते त्यालाच विचारा आणि देवनागरीत लिहून ठेवा.

'समजलं का?' विचारू नका, 'हो' हेच उत्तर येतं. 'आता तू मला सांग' म्हणा.

सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकावरून सिटीलिंकची शहर बस पकडणं, शेअर रिक्षात जागा मागणं, मेसच्या मावशींना 'तिखट कमी' सांगणं: एकेक फेरी, सोबत इथला जोडीदार. मिसळीचा रस्सा वेगळ्या वाटीत.

मेसच्या मावशी, वॉचमन काका आणि रेक्टर यांनाही अर्धा तास बसवा. प्राध्यापकांनाही. दोन आठवड्यांनी पुन्हा एक तास, तेच गट. स्थानिक मुलांची हजेरी तपासा.